मडक्यातले पिल्लू

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा संस्थेचा इतिहास लिहावा असेच प्रथम मनात आले. मी इतिहासाचा शिक्षक; तेच माझ्याकडून अपेक्षितही असावे. परंतु संस्थेची वाटचाल या अंकात इतर जाणकारांनी लिहिली आहे. म्हणून मी एक लहानसा प्रसंग सांगणार आहे. तो आहे 2009 सालच्या पावसाळ्यातला. आपल्या वसतिगृहात एका खाटेखाली सापाचे एक पिल्लू सापडले होते आणि ते काही केल्या खात नव्हते. त्या पिल्लाने मला जे शिकवले, ते एम.ए.ला आणि बी.एड.ला शिकायचे राहून गेले होते.

त्या वर्षी जूनमध्ये शिराळा तालुक्यातील डोंगरकपारीच्या एका वस्तीवरून एक मुलगा सहावीत दाखल झाला. अंगाने किरकोळ, बोलायला अबोल. पहिल्या आठवड्यातच भोजनगृहातील मावशींनी माझ्याकडे तक्रार केली, ‘‘सर, हे पोरगं जेवतच नाही. ताट तसंच परत येतंय.’’ नव्या मुलांचे असे होतेच, म्हणून आरंभी मी लक्ष दिले नाही. महिना उलटला तरी फरक पडेना, तेव्हा मी स्वतः भोजनगृहात जाऊन त्याच्या शेजारी उभा राहू लागलो. ‘‘अन्न टाकायचे नाही. ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचे नाही,’’ असे मी सर्वांसमक्ष त्याला बजावत असे. तो मान खाली घालून घास कोंबत असे आणि नंतर नळामागे जाऊन ओकत असे. हे मला पुष्कळ उशिरा कळले.

माझ्या रागाला एक कारण होते. ते समर्थन म्हणून नव्हे, तर खुलासा म्हणून सांगतो. 1972 च्या दुष्काळात मी कडेवरचे मूल होतो. माझी आई मला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे मिळणाऱ्या सुकडीवर आमचे घर तगले, हे ती मरेपर्यंत सांगत होती. ज्या घरात भाकरीचा तुकडाही मोजून वाटला जात होता, त्या घरातून आलेल्या माणसाला भरल्या ताटासमोर न जेवणारे मूल म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो. आमच्या पिढीतील अनेक शिक्षकांचे असेच होते. स्वतःच्या भुकेची आठवण आम्ही पट्टीसारखी वापरतो आणि दुसऱ्याची भूक तिने मोजू पाहतो.

नागपंचमी होऊन पंधरवडा झाला असेल. खोल्या झाडताना मावशींना त्या मुलाच्या खाटेखाली फडक्याने तोंड बांधलेले एक मडके दिसले. फडके सोडताच त्या किंचाळल्या. मुले काठ्या घेऊन धावली. मी पोहोचलो तेव्हा तो मुलगा मडक्यावर ओणवा होऊन बसला होता. ‘‘मारू नगा, सर. धामणीचं पिल्लू हाय. इखारी न्हाई,’’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. अडीच महिन्यांत त्याच्या तोंडून मी ऐकलेली ती सर्वांत मोठी वाक्ये होती.

मडक्यात वीतभराहून लांब, करंगळीहून बारीक असे पिल्लू वेटोळे घालून होते. मोठे गोल डोळे आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा. शाळेमागे उसाचे पाचट कुजत टाकले होते, त्यात ते त्याला मिळाले होते. तिथेच अंड्यांची फुटकी टरफले होती, असेही त्याने सांगितले. इथे वाचकांना एक सांगणे अगत्याचे आहे. त्या मुलाची ओळख बरोबर निघाली हे आमचे भाग्य. घोणस, मण्यार, नाग यांची पिल्लेही जन्मापासून विषारी असतात. अनोळखी सापाला हात लावू नये, हाच नियम.

त्या मुलाच्या हाती मडके कोठून आले, हे कळण्यासाठी त्याचा तालुका ठाऊक हवा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पंचमीपूर्वी गावोगावची मंडळी शेताबांधांतून नाग शोधून काढत, मडक्यात ठेवत, सणाच्या दिवशी मिरवणुकीत दाखवत आणि नंतर जिथून आणले त्या शिवारात सोडून देत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने या प्रथेला वेसण घातली, ती प्रत्यक्षात थांबायला मात्र आणखी काही वर्षे लागली. या मुलाचा आजा तरुणपणी नाग धरणाऱ्यांपैकी होता. मडक्यात गार राहते, साप बिथरत नाही, हे आज्याने नातवाला सांगितले होते. तो आजा त्याच उन्हाळ्यात वारला होता. हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते.

‘‘किती दिवस झाले?’’ मी विचारले.

‘‘पाच. पर काय खातच न्हाई, सर.’’

मग जे व्हायचे तेच झाले. सगळे वसतिगृह त्या पिल्लाला भरवायच्या मागे लागले. पहिल्यांदा दूध आले. धामण गाईम्हशींच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. वस्तुतः सापाला दूध चोखण्यासारखे तोंड नाही आणि दूध हे त्याचे अन्नही नाही. पंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, तो अनेक दिवस पाण्यावाचून तहानलेला असतो म्हणून. त्या दुधाने त्याचे पोट बिघडते. ते श्वासनलिकेत गेले तर जीवही जातो. आमच्या पिल्लाने दुधाला तोंड लावले नाही, हे बरेच झाले. नंतर अंड्याचा बलक झाला, तुपात कुस्करलेली पोळी झाली. कोणीतरी सापळ्यातला मेलेला उंदीर आणला. तो उंदीर पिल्लाच्या डोक्याच्या चौपट होता. प्रत्येक प्रयोगानंतर फडके सोडून पाहिले जाई. खाल्ले का? नाही. तासाभराने पुन्हा पाहू.

सातव्या दिवशी पिल्लाचे डोळे निळसर पांढरे झाले. ते आंधळे झाले, आता मरणार, असे म्हणून तो मुलगा रडू लागला. त्या रात्रीही तो जेवला नाही.

मी कराडच्या एका अनुभवी सर्पमित्रांना दूरध्वनी केला. न खाणाऱ्या सापाला काय खायला घालावे, एवढाच माझा प्रश्न होता. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मलाच प्रश्न विचारले. कशात ठेवले आहे? दिवसातून किती वेळा उघडून पाहता? लपायला आडोसा आहे का? पाणी ठेवले आहे का? ऊब मिळते का? उंदीर केवढा होता? हाताळता का? मी एकेक उत्तर देत गेलो आणि देता देता ओशाळत गेलो. आम्ही दूध ठेवले होते, पाणी नव्हते. आडोसा नव्हता. दिवसातून वीसपंचवीस डोकी मडक्यात डोकावत होती.

मग त्यांनी सांगितले ते असे. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू पोटातील बलकाच्या शिदोरीवर काही दिवस सहज जगते. पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्ले अन्नाकडे पाहतही नाहीत. डोळे पांढरे होणे ही कात टाकण्याची पूर्वखूण. जुन्या कातडीखाली ओलावा साठतो म्हणून तसे दिसते. कात सुटायच्या थोडे आधी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. त्यानंतरही साप खातो तो तीन गोष्टी जुळल्या तर. अन्न त्याचे हवे, म्हणजे धामणीच्या पिल्लाला इवलाली बेडके, पाली. आणि ते त्याच्या अंगाच्या जाडीहून मोठे नको. अंगात पचनापुरती ऊब हवी, कारण सापाच्या शरीराला स्वतःची उष्णता नसते. थंडीत गिळलेले पोटात कुजते. आणि तिसरी गोष्ट, आपल्याला कोणी पाहत नाही, असे त्याला वाटले पाहिजे. भेदरलेला साप भुकेला असला तरी खात नाही. गिळताना तो पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही, म्हणून धोका असेपर्यंत तो तोंड उघडत नाही.

‘‘तोंड उघडून भरवता येणार नाही का?’’ मी विचारले.

ते म्हणाले, ‘‘येते. पण त्याने बहुधा पिल्लूच जाते.’’ पुढे मी वाचले की, सर्पविषावर प्रतिविष तयार करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांच्या प्रयोगशाळेत न खाणाऱ्या नागांना नळीने फेटलेली अंडी घालत असत. नाग त्याने जगत; पण त्यांना जगवायचे होते ते विष काढून घेण्यासाठी. घशाखाली उतरवणे आणि खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी ते म्हणाले, ‘‘सर, साप पाळणे गुन्हा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मी वनखात्याला कळवतो. पावसाने वाट धरली नाही तर परवा येतो. तोवर भरवू नका, उघडू नका. पाण्याची वाटी आणि थोडे पाचट ठेवा, मडके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि त्याला एकटे सोडा.’’

दूरध्वनी ठेवला तेव्हा जेवणाची घंटा झाली होती. मी भोजनगृहात गेलो. दीडशे मुलांचा गलका, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि मधल्या ओळीत, मोठ्या मुलांच्या मध्ये, तो भरल्या ताटासमोर बसलेला. मी सवयीने त्याच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो आणि तिथेच मला माझी लाज वाटली. मडक्याचे फडके सोडून वारंवार डोकावणारा मीच होतो.

मी त्याला बाहेर ओसरीवर नेले आणि सर्पमित्रांचेच प्रश्न त्याला विचारले. घरी कुठे बसून जेवायचास? चुलीजवळ, भिंतीला टेकून. कोणाबरोबर? आज्याबरोबर, एका ताटात. काय जेवायचास? नाचणीची भाकरी, आंबील. इथे काय होते? बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘समदी बघत्यात, सर.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याआधी पंधरा वर्षे मुलांना बाबासाहेबांचे बालपण शिकवत होतो. 1901 सालचा तो प्रवास आपणा सर्वांना माहीत आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी तो स्वतः सांगितला आहे. वडील दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला भीवा, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच स्थानकमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची. शिदोरी भरलेली होती, पोटात भूक होती. पण पाणी कोणी देईना. ती मुले भरल्या शिदोरीशेजारी उपाशी झोपली. मसूर आपल्या शाळेपासून दूर नाही. सहलीत मी मुलांना ते स्थानक दाखवीत असे. तरीही अन्न समोर असताना मूल का जेवत नाही, याचे कारण अन्नात नसते, ही त्या प्रसंगातील साधी गोष्ट मला दिसली नव्हती. तिथे समाजाचे क्रौर्य होते, इथे माझे अज्ञान. दोन्हींची बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण ‘या मुलाला काय कमी आहे’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारायला हवा होता. मी विचारत होतो, ‘हा मुलगा ऐकत का नाही?’

दुसऱ्या दिवशी रात्री पिल्लाने कात टाकली. सकाळी मडक्यात पांढरी, कागदासारखी कात होती आणि पिल्लाचे डोळे काळेभोर, चकचकीत दिसत होते. दुपारी सर्पमित्र आणि वनरक्षक आले. त्या मुलाच्याच हाताने मडके त्या पाचटाच्या ढिगापाशी आडवे करवले. पिल्लू क्षणभर थांबले, जीभ दोन-तीनदा बाहेर काढली आणि पाचटात दिसेनासे झाले. बांधाच्या ओलीत इवली बेडके उड्या मारत होती. ते पुढे जेवले की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नव्हते. मुलाने विचारले, ‘‘खाईल नव्हं?’’ सर्पमित्र म्हणाले, ‘‘त्याच्या घरी आहे ते. खाईल.’’

त्या दिवसापासून त्या मुलाची जागा बदलली. मावशींनी त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीशी बसवले आणि आपले ताट घेऊन त्या शेजारी बसू लागल्या. मी भोजनगृहात उभे राहणे बंद केले. पहिले चार दिवस काही फरक पडला नाही. मग अर्धी भाकरी गेली, मग एक. पुरे ताट संपायला श्रावण सरून भादवा अर्धा झाला. त्यानंतर आपल्याकडे एक अलिखित रीत पडली. नव्या मुलाने पहिला महिना हवे तिथे बसून जेवावे, आणि शिक्षकांनी पंगतीत उभे न राहता मुलांबरोबर बसून जेवावे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ही रीत आठवत असेल. ती कोठून आली, हे आज सांगितले.

तो मुलगा आज मिरजेला एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गेल्या वर्षी भेटायला आला, तेव्हा जेवायला आपण होऊन त्या भिंतीशीच जाऊन बसला.

पालकांना एवढीच विनंती. मूल वसतिगृहात ठेवल्यावर ‘जेवलास का?’ हा प्रश्न आपण सगळेच करतो. त्याबरोबर ‘कोणाशेजारी बसतोस?’ हेही विचारत जा. आणि श्रावणात कोणी सापाला दूध पाजताना किंवा घरात साप ठेवलेला दिसला, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. उपाशी जीवापुढे वाटी सरकवणे सोपे असते. तो का खात नाही, हे शोधायला थोडे मागे सरावे लागते. मला ते उशिरा कळले. आपणास वेळेवर कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जयभीम!