आमच्या घरातला संशयकल्लोळ

आमचे घर दोन खोल्यांचे. आम्हा दोघांपैकी एकजण शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला, तर दुसरी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. दोघांचेही शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेले. त्यामुळे २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी लेक कॉलेजातून आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, मी नाटकात काम करतो," तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी करतो' असेच बोलतात, हे बाहेरगावच्या वाचकांना आधीच सांगून ठेवतो. त्याचे पुढे काम आहे.

आम्ही काही बोलायच्या आत खाटेवरून आजी म्हणाली, "नाटकात? तमाशात म्हन की!"

आजीचा राग उगाच नव्हता. तिचे वडील गावच्या तमाशात सोंगाड्या होते. ढोलकी आपल्या लोकांची, हलगी आपल्या लोकांची, हसवणाराही आपलाच. गाव पोट धरून हसायचे आणि जेवणाची वेळ आली की या मंडळींना वेगळे, लांब बसवायचे. "हसवायचं आपन आनि पंगतीच्या भाईर बी आपनच," आजी म्हणाली. "बाबासायबांनी सांगितलं तवा सोडलं सारं. पुन्ना त्येच कशापायी?"

यावर आम्हाला उत्तर सुचेना. उत्तर दिले ते शेजारच्या निवृत्त गुरुजींनी. ते म्हणाले, "आजी, तमाशा सुटला, पण रंगमंच आपण कुठे सोडला? भीमराव कर्डकांनी जलसा काढला, गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार सांगितला. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तिथे प्राध्यापक म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते केले. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले, तेही नाटकच. पोरीला जाऊ द्या." आजी गप्प बसली. पटले म्हणून नव्हे, गुरुजींचा मान म्हणून.

नाटक होते गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ'. हा शब्द आम्हाला म्हणीसारखा माहीत होता, नाटक माहीत नव्हते. लेकीने ग्रंथालयातून पुस्तक आणले आणि सारे समजावून सांगितले. देवल आपल्या बाजूचेच, सांगलीजवळच्या हरिपूरचे. जरठ-कुमारी विवाहावर 'शारदा' लिहिणारे तेच. मूळ गोष्ट मात्र फ्रान्सची. मोलिएर नावाच्या नाटककाराने १६६० मध्ये ती रंगमंचावर आणली. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये मर्फी नावाच्या लेखकाने तिच्यावरून इंग्रजी नाटक केले, आणि देवलांनी त्यावरून मराठी. आधी ते गद्य होते, मग पदे घालून १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून आले. त्याच वर्षी देवल वारले. पॅरिसहून लंडन, लंडनहून हरिपूर आणि तिथून आमच्या दोन खोल्या, असा त्या गोष्टीचा प्रवास!

गोष्ट अशी. फाल्गुनराव नावाचा संशयी नवरा आणि कृत्तिका नावाची त्याच्याहून संशयी बायको. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि ती बघताना तिला फाल्गुनराव पाहतो. झाले! कुणाचेच काही वाकडे नसते, पण सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असतात. माणसांची नावेही गमतीची, कुणी महिना तर कुणी नक्षत्र. फाल्गुनरावाच्या नोकराचे नाव भादव्या.

कॉलेजात निवडीसाठी प्रत्येकाने आपल्या आवडीच्या कामातला उतारा वाचायचा होता. लेकीने कृत्तिका निवडली. मग आठ दिवस आमच्या घरात नाटक सुरू झाले. पाळीवरून आल्यावर हातपाय धुवून एकाने फाल्गुनराव वाचायचा. भाकरी थापता थापता दुसरीने भादव्या म्हणायचा. शब्द अडायचे, तेव्हा लेक सांगायची. तिची स्वतःची अडचण वेगळीच होती. कृत्तिका म्हणणार 'मी आले, मी गेले' आणि आमची लेक घाईत म्हणणार 'आलो, गेलो.' मग आम्ही तिघेही हसायचो. शेवटी दर चुकीला एक उठाबशी ठरली. पहिल्या दिवशी अकरा निघाल्या, आठव्या दिवशी एकही नाही.

आजी सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडायची. तिसऱ्या दिवशी ती कुशीवर वळली. पाचव्या दिवशी उठून बसली आणि फाल्गुनरावावर ओरडली, "आरं मुडद्या, येकदा बायकूला इचारून टाक की सरळ!" आम्ही सांगितले, "आजी, त्याने विचारले तर नाटकच संपेल." आजी म्हणाली, "मग संपू द्या. घर तर वाचंल."

निवडीच्या दिवशी तीसेक मुले होती. आमच्या वस्तीतला आणखी एक मुलगा गेला होता. पहाटे पेपर टाकतो आणि मग कॉलेजला जातो. त्याने फाल्गुनराव वाचला. तीन दिवसांनी फळ्यावर यादी लागली. कृत्तिका दुसऱ्या मुलीला, फाल्गुनराव दुसऱ्या मुलाला. आमच्या लेकीला घरातल्या दासीचे काम आणि पेपर टाकणाऱ्या पोराला भादव्या.

वस्तीतून दोघे गेले होते आणि दोघेही नोकर झाले.

त्या संध्याकाळी चूल पेटली, पण जेवण कुणाला गेले नाही. वाचकहो, आमचा संशय फाल्गुनरावासारखा बसल्या जागी उगवलेला नव्हता. त्याला मुळे होती. आमच्यातला एकजण शाळेत असताना स्नेहसंमेलनात तीन वर्षे लागोपाठ शिपाई झाला. राजा व्हायचे म्हटल्यावर वर्ग हसला होता. दुसरीच्या शाळेत संमेलनाच्या सकाळी बाकीच्या मुली तोंडाला रंग लावत होत्या, तेव्हा तिला हॉल झाडायला सांगितले होते. या गोष्टी आम्ही लग्नाला वीस वर्षे झाली तरी एकमेकांना सांगितल्या नव्हत्या. त्या रात्री सांगितल्या. अंधारात बोलणे सोपे जाते. लेक पलीकडे जागी आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही.

सकाळी आम्ही तिला म्हणालो, "बाळ, नाटक सोड. अभ्यास कर. असल्या ठिकाणी आपल्याला जागा नसते." ती काही बोलली नाही. बोलली ती आजी.

"इचारलंसा का?"

"कुणाला?"

"त्या सरास्नी. का आसं क्येलं म्हून. आठ दिस मला त्या फाल्गुनरावाचं रडगानं ऐकवलंसा. कोन कुनाला इचारत न्हाई म्हून समदा घोळ झाला म्हून सांगत हुतासा. आनि आता तुमीबी न इचारताच बसलाय व्हय?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्या आजीचा नाटकाला विरोध होता, तिलाच नाटक आमच्यापेक्षा जास्त कळले होते.

लेक आणि तो मुलगा त्या दिवशी सरांकडे गेले. आमच्यातला एकजण अर्धी रजा टाकून कॉलेजच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहिला. आत जायचे नाही, असे लेकीने बजावले होते. जे घडले ते तिच्याकडून कळले. तिने आवाज न चढवता विचारले, "सर, आम्ही कृत्तिका आणि फाल्गुनराव वाचले होते. आम्हाला दुसरी कामे दिलीत. कशावरून ठरवलेत, ते सांगाल का? आमचे वाचन कमी पडले असेल तर तेही सांगा."

सर बराच वेळ गप्प होते, असे ती म्हणाली. रागावतील असे वाटले होते, पण रागावले नाहीत. म्हणाले, "खरे सांगू? तीस जणांचे ऐकून कान थकले होते. मग कोण कसा दिसेल, कुणाच्या अंगावर कुठले कपडे शोभतील, हेच डोक्यात धरून कामे वाटली. तुमचे वाचन आठवायला हवे होते, ते मला आठवत नाही. चूक झाली."

दुसऱ्या दिवशी निवड पुन्हा झाली आणि या वेळी पद्धत वेगळी होती. वाचणारा मागे उभा राहील आणि सरांसकट सगळे फळ्याकडे तोंड करून बसतील. चेहरा दिसायचा नाही, कपडे दिसायचे नाहीत. नुसता आवाज. नाव पुकारायचे नाही, आकडा पुकारायचा. ऐकणाऱ्याने आपल्या कागदावर आकडा लिहायचा. ज्याला जे काम हवे, ते त्याने वाचावे.

पेपर टाकणाऱ्या पोराने फाल्गुनराव वाचायला घेतला आणि पाचव्या वाक्याला वर्ग हसायला लागला. मागे वळून बघायची मनाई होती, तरी दोघे-तिघे वळलेच. दारोदार हाळी देऊन कमावलेला त्याचा आवाज. त्याचा आकडा जवळजवळ सगळ्या कागदांवर निघाला. फाल्गुनराव त्याला मिळाला. आधीचा फाल्गुनराव भादव्या झाला. ज्याच्या घरी दोन गडी राबतात, तो पोरगा नाटकात गडी झाला आणि त्याने ते काम मन लावून केले, हेही सांगायला हवे.

आणि आमची लेक? ती संध्याकाळी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "कृत्तिका त्या मुलीलाच मिळाली, आई. ती एकदा 'आलो' म्हणाली, सगळे हसले. मी एकदाबी चुकलो नाही. पण तिच्या आवाजात जळफळाट होता, तो माझ्यात नव्हता. मी पाठ करून ऐकलो ना. माझ्या कागदावर मी तिचाच आकडा लिहिलो."

आमचा संशय निम्मा खरा निघाला आणि निम्मा खोटा. विचारले नसते तर निम्मा खरा कळला नसता, आणि निम्मा खोटा आम्ही जन्मभर खरा धरून बसलो असतो.

२०२४ च्या जानेवारीत प्रयोग झाला, तो केशवराव भोसले नाट्यगृहात. खासबाग कुस्ती मैदानाला लागून असलेली ही वास्तू शाहू महाराजांनी बांधली. १९१५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिचे नाव पॅलेस थिएटर होते. केशवराव भोसल्यांचे नाव तिला १९५७ मध्ये मिळाले. केशवराव कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. गरिबीमुळे लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि देवलांच्याच 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या कामाने नावारूपाला आले. अवघ्या एकतीस वर्षांचे आयुष्य त्यांना मिळाले.

आजीलाही आम्ही केएमटीच्या बसने नेले. तरुणपणी तिने खासबागेबाहेर टोपली घेऊन भुईमुगाच्या शेंगा विकल्या होत्या. कुस्त्यांची गर्दी आणि नाटकाची गर्दी, दोन्ही तिने बाहेरून पाहिली होती. आत पाऊल पहिल्यांदाच टाकले. खुर्चीवर हात फिरवत म्हणाली, "आतनं लई मोठं हाय की गं."

लेकीच्या वाट्याला चार प्रवेश. पदे गाळून गद्यच केले होते. तिच्या एका 'बाईसाहेब'वर लोक खळखळून हसले. ती हसू येऊ न देता तशीच उभी राहिली आणि लोक पुन्हा हसले. आम्ही टाळ्या वाजवायचेच विसरलो. आजी मात्र पदर तोंडाला लावून हलत होती.

प्रयोग संपल्यावर आम्ही मागे गेलो. रंग न उतरवताच सगळी पोरे जमिनीवर गोल बसली होती. मध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर भडंग, कांदा आणि वडे. फाल्गुनराव, भादव्या, कृत्तिका, आमची लेक, सगळ्यांचे हात त्याच कागदावर. आजी दारात काठी टेकून बराच वेळ बघत राहिली. मग एवढेच म्हणाली, "पंगत येक हाय." बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. आम्ही तिच्याशी बोललो नाही.

त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी लेकीला घेऊन आम्ही गेलो, तेव्हा गर्दीत कित्येक माणसे रडत होती. आमची लेकही रडली. पुढे पुन्हा उभारणीचे काम हाती घेतले गेले. शाहू महाराजांनी उभे केलेले असे सहजी जात नाही.

आमच्यासारख्या आई-बापांना एवढेच सांगणे आहे. पोरांना आपले जुने घाव जरूर सांगा. ते लपवू नका, त्यातून ती शहाणी होतात. पण त्या घावांवरून त्यांच्या वाटेचा निकाल आधीच लावू नका. जिथे संशय येईल, तिथे त्यांना ताठ मानेने जाऊन विचारायला शिकवा. उत्तर खरे आले तर भांडायला जोर येतो, आणि आपलेच वाचन कमी पडले असेल तर तेही ऐकायचे बळ येते. आम्ही वीस वर्षांत जे विचारले नाही, ते आमच्या लेकीने एका दुपारी विचारले.

यंदा तिचे पदवीचे शेवटचे वर्ष. आजी अधूनमधून विचारते, "बाय, आता कवा हाय तुजं नाटक?"