निवाऱ्याचा महिन्याचा खर्च : प्राणीसेवेच्या अर्थकारणातील एक अनुभव

भटक्या व जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या लहान संस्थांना देणग्या मिळत नाहीत, हा समज अर्धवट आहे. देणग्या मिळतात, परंतु त्या ज्या कारणासाठी मिळतात आणि संस्था ज्या खर्चाखाली दबून जाते, त्यांचा मेळ क्वचितच बसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अशाच एका निवाऱ्याचे हिशेब सांभाळताना प्रस्तुत लेखिकेला ही विसंगती सातत्याने अनुभवास आली.

मांडीचे हाड मोडलेल्या कुत्र्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले की शस्त्रक्रियेपुरते पैसे बहुधा लवकर जमतात. मात्र हाडात सळई बसवल्यानंतर त्याला कित्येक आठवडे पिंजऱ्यात ठेवावे लागते, त्याने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालावी लागते आणि जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून ड्रेसिंग वेळच्या वेळी बदलावे लागते. या काळातला भात आणि उकडलेले कोंबडीचे पाय, फिनेल, जागेचे भाडे आणि पिंजरे धुणाऱ्या कामगाराचा पगार हा आवर्ती खर्च, म्हणजे दर महिन्याला न चुकता उभा राहणारा खर्च असतो, आणि त्याचे छायाचित्र काढता येत नसल्याने त्याला दाताही सहसा मिळत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून, अर्थात सीएसआरमधून, ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा असते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावयाची असून सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु त्यासाठी संस्थेजवळ सीएसआर-1 नोंदणी आणि 3 वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. शिवाय लेखिकेच्या अनुभवात कंपन्यांचा कल रुग्णवाहिकेसारख्या दिसणाऱ्या वस्तू देण्याकडे राहिला आणि डिझेल व चालकाचा पगार मात्र निवाऱ्याच्याच माथी आला. प्राप्तिकरात देणगीवर दात्याला मिळणाऱ्या, 80जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीचा आधारही मर्यादित ठरतो, कारण 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्या दात्याला तिचा उपयोगच नसतो.

मुंबईच्या पांजरपोळाचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या धोरणावरून 1832 मध्ये शहरात दंगा उसळल्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अन्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर लागा नावाची अल्प आकारणी स्वतःहून लावून घेतली. त्यामुळे उत्पन्न एखाद्या प्रसंगाच्या करुणेवर अवलंबून न राहता रोजच्या व्यवहाराशी जोडले गेले.

लेखिकेच्या निवाऱ्यानेही पुढे हेच तत्त्व स्वीकारून मासिक वर्गणीदार जोडले, यूपीआय ऑटोपेद्वारे, म्हणजे दात्याने एकदा दिलेल्या संमतीवर दरमहा खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याच्या सोयीने, वर्गणी घेतली आणि महिन्याचा जमाखर्च फाटकाजवळच्या फलकावर लावण्यास आरंभ केला. त्यानंतर भाडे व पगार वर्गणीतून भागू लागले आणि आवाहने केवळ शस्त्रक्रियांपुरती उरली. प्राण्यांविषयी आस्था असणाऱ्या वाचकांनी आपल्या जवळच्या निवाऱ्याचा जमाखर्च एकदा मागून पाहावा आणि परवडेल तेवढीच, पण दरमहा चुकणार नाही अशी वर्गणी सुरू करावी.