झोळीवरचा शिंपला

स्पेनमध्ये बुर्गोसच्या दक्षिणेला सांतो दोमिंगो दे सिलोसचा मठ आहे. तिथल्या चौकाभोवतीच्या ओवरीत, कोपऱ्यांच्या खांबांवर, इ.स. ११००च्या सुमाराचे शिल्पपट आहेत. एकात येशू एम्माउसच्या वाटेवर आहे. सोबत दोन शिष्य. पुन्हा जिवंत झालेल्या गुरूला ते ओळखत नाहीत.

त्याच्या झोळीवर शिंपला कोरला आहे. सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या यात्रेकरूंची ही खूण. येशूच्या काळी ही यात्राच नव्हती. शिल्पकाराने त्याला आपल्या काळच्या यात्रेकरूचा वेश चढवला. एवढ्या एका शिंपल्याने दारात आलेला प्रत्येक दमलेला वाटसरू येशू असण्याची शक्यता उभी केली.

लूकच्या शुभवर्तमानात दिवस कलतो, शिष्य अनोळखी सोबत्याला मुक्कामाचा आग्रह करतात आणि भाकर मोडताना ओळख पटते. सिलोसच्या पटात घर नाही, पान मांडलेले नाही. येशूचे पाय पुढे निघालेले, मान मागे वळलेली. आता कुणी ‘थांबा’ म्हटले नाही, तर तो जाईल. आदरातिथ्याचा याहून खरा क्षण मी दगडात पाहिलेला नाही.

ओवरी मठाच्या आतली, म्हणजे हे शिल्प रोज पाहणारे भिक्षू, यजमानच. ते बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे. सहाव्या शतकातल्या त्या नियमावलीचे ५३वे प्रकरण पाहुण्यांविषयी आहे: आलेल्याला ख्रिस्त मानून घ्या, गरीब आणि यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्या, कारण श्रीमंताला त्याच्या दराऱ्यानेच मान मिळतो. किती जाणतेपणाने लिहिले आहे हे!

हाच धडा स्वित्झर्लंडमध्येही दगडात आहे. तिथल्या बाझेलच्या मुख्य चर्चचा गालुस दरवाजा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. दोन्ही बाजूंच्या छोट्या कोनाड्यांत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातली सहा दयाकृत्ये आहेत. परक्याला आसरा देणे त्यांतले एक. इथे उपदेश सरळ आहे, आणि दारावर असल्याने सगळ्या गावासाठी.

यात्रेकरूची झोळी फ्रान्समध्येही दिसते. तिथल्या ओतँच्या चर्चवर अंतिम न्यायाचा देखावा आहे, साधारण ११३०चा. थडग्यांतून उठणारे बहुतेक जण उघडे. दोन यात्रेकरूंच्या खांद्यांवर मात्र झोळ्या तशाच: एकीवर शिंपला, दुसरीवर जेरुसलेमचा क्रूस. १७६६ मध्ये हा देखावा गिलाव्याखाली झाकला गेला, म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीतल्या तोडफोडीतून वाचला. गिलावा निघाला १८३७ मध्ये.