कुत्रीच्या डोळ्यात तेल

परळला पशुवैद्यकी शिकलो तेव्हा डोळ्याचा पडदा सरकणं हा माझ्या लेखी गोळ्यांचा विषय होता. म्हाताऱ्या मांजराला अचानक दिसेनासं झालं की आधी रक्तदाब मोजायचा; वाढलेला असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. पडद्यामागचं पाणी बऱ्याचदा जिरतं. पण अमेरिकेत निरीक्षक म्हणून शस्त्रक्रियागृहात उभा राहिलो, तेव्हा टेबलावरच्या शिह त्झू कुत्रीचा पडदा चक्क फाटलेला होता. फाटलेल्याला गोळी काय करणार?

या जातीत डोळ्यातला जेलीसारखा गर लवकर बिघडतो आणि पडद्याला ओढ देतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पडदा कडेपासून सुटून आत लोंबत होता, दुधावरची साय चमच्याने बाजूला सारावी तसा. डॉक्टरांनी बुबुळाच्या बाहेर तीन बारीक छिद्रं पाडली: एकातून पाणी, एकातून प्रकाश, एकातून गर कापून ओढणारी नळी. गर काढला तर डोळा बसेल, या भीतीने मी श्वास धरून. तो बसत नाही. आत पाणी सतत येत असतं.

मग सोडलं परफ्लुरोऑक्टेन. पाण्याहून जवळपास पावणेदोन पट जड. कुत्री उताणी, त्यामुळे पडद्याची जागा तळाशी. ते द्रव तिथे जाऊन बसलं आणि जसजसं वर चढलं तसतसा पडदा आपोआप सपाट होत गेला. मागचं पाणी फाटीतून बाहेर. कुणी पडदा चिमट्याने ताणून बसवत असेल अशी माझी कल्पना होती! कडेने लेझरचे ठिपके मारले, जड द्रव काढलं, त्या जागी सिलिकॉन तेल भरलं.

माणसाला अशा शस्त्रक्रियेनंतर पालथं झोपायला सांगतात. कुत्रीला कोण सांगणार?

"म्हणून तर डोळा तेलाने पूर्ण भरायचा," डॉक्टर म्हणाले.

"आणि तेल काढायचं कधी?"

"त्रास दिला नाही तर राहू दे."

तेलामुळे जवळचं धूसर दिसेल, पण भिंतीला धडकणार नाही. पडदा फार दिवस सुटलेला असता, तर पेशी मेल्यावर तो बसवून उपयोग नव्हता; म्हणून आधी विद्युत-चाचणीने त्यात जीव आहे का ते पाहिलं होतं. मालकिणीला बजावलं, गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस लावा. मानेवर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो.

दुसऱ्या डोळ्यातला गरही बिघडलेला निघाला. तिथे फाटायची वाट न बघता पडद्याच्या कडेने लेझरचं कुंपण घालून टाकलं.