नऊशेचे हजार आणि सातवीचं गणित



सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' हा पाठ आपल्यापैकी बहुतेकांनी शिकवला असेल. मुद्दल, दर, मुदत यांचा गुणाकार करा, शंभराने भागा, झालं. मुलांना तो अवघड जात नाही. पण मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शिकवते आणि तिथं या पाठाला पहिल्याच तासाला अडचण येते. पुस्तकात द.सा.द.शे. 10 म्हणजे शंभराला वर्षाला दहा. आमच्या मुलांच्या घरात 'दहा टक्क्यानं पैसे आणले' म्हणजे शंभराला महिन्याला दहा. फळ्यावर 5000 रुपयांचं दोन वर्षांचं व्याज 1000 आलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, एवढं कमी?" कारण त्यांच्या हिशेबानं ते 12,000 होतं. आणि मुलांचं चुकत नाही, ते आपल्या घरचा दर लावत असतात.

आठवडी बाजारात याहून वेगळंच गणित चालतं. सकाळी नऊशे रुपये हातात द्यायचे आणि संध्याकाळी बाजार उठताना हजार घ्यायचे. कागद नाही, सही नाही. भाजी विकणाऱ्या कितीतरी बाया असेच पैसे घेऊन लिलावात माल उचलतात. याचा द.सा.द.शे. दर काढायला मी एकदा मुलांना सांगितलं तर आकडा बघून वर्गात हशा पिकला. एक मुलगी मात्र हसली नाही. तिच्या आईचंच ते उदाहरण होतं, हे मला नंतर कळलं.

ही 2017-18 सालची गोष्ट. मुलगी हुशार, तोंडी गणितात वर्गात पहिली. पण हजेरीपट पाहिला तर आठवड्यातले ठरावीक दिवस गैरहजर. आजारपण असं दिवस ठरवून येत नाही. एका रविवारी मी गृहभेटीला गेले. वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर, घरी आई, आजी आणि दोन धाकटी भावंडं. आईनं चहा ठेवला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्याडम, मला आकडा वाचता येत न्हाई. लिलावात अडत्या पावती फाडतो, त्यावर काय लिवलंय ते पोरगी वाचती. वजनकाट्यावरचा आकडा तीच बघती. सांजच्याला त्या माणसाचं हजार देऊन किती उरलं ते तीच सांगती. ती न्हाई आली तर मला कुनीबी फसवंल."

मी म्हटलं, "ताई, तिची शाळा बुडते."

"बुडती. पन सातवीनंतर शाळा म्हसवडला. येवढ्या लांब कोन धाडनार? मग आत्ता बुडली काय अन् पुढच्या वर्षी बुडली काय."

आता सांगा, या बाईला शिक्षणाचं महत्त्व काय पटवून द्यायचं? तिला ते माझ्यापेक्षा जास्त पटलेलं होतं. म्हणूनच तर तिनं घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या माणसाला हिशेबनीस नेमलं होतं! मुलगी वर्गात परत यायची तर आईला आकडे यायला हवे होते आणि ते नऊशे रुपये सुटायला हवे होते. तिथंच वहीच्या मागच्या पानावर आम्ही मांडून पाहिलं. आठवड्याला चार बाजार, प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे आठवड्याला 400. वर्षाच्या 52 आठवड्यांचे 20,800. मूळ भांडवल किती, तर 900. आई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं, पण मुलीनं मोठ्यानं वाचलं होतं.

आता थोडं आमच्या भागाबद्दल. सह्याद्रीचा पाऊस आमच्यापर्यंत येता येता संपतो. शेती कमी, मेंढरं, ऊसतोड, मुंबईकडे नोकरी. अशा ठिकाणी म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. त्यांच्या भाषणांत त्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगतात. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या किरकोळ रकमेचं खातं बँकेनं उघडलं नाही. ती कर्ज मागत नव्हती हो, स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागत होती.

मग बँकेसाठी अर्ज गेला आणि 1996 साली रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. कारण सभासद बायका निरक्षर. बायकांनी अक्षरओळखीचे वर्ग भरवले, शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की तुम्ही कुठलीही रक्कम आणि दर सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सरळव्याजाच्या पाठाला याहून चांगली प्रस्तावना मला सुचलेली नाही. मी हा प्रसंग दरवर्षी सांगते आणि मग मुलांकडून तोंडी व्याज काढून घेते.

पुढे याच बँकेत पिन नंबरची गोष्ट निघाली तेव्हा बायकांनी तो नको म्हटलं. नंबर कुणीही चोरू शकतो, अंगठा कोण चोरणार, असं त्यांचं म्हणणं. मग अंगठ्याच्या ठशाची सोय झाली. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता तोच अंगठा किल्ली झाला.

बँकेबरोबर माणदेशी फाउंडेशनचं शिक्षणाचं कामही चालतं. बायकांसाठी उद्योगाची शाळा, गावोगाव जाणारी बस, 'माणदेशी तरंग वाहिनी' हा रेडिओ. महाराष्ट्राला हे अगदी नवं नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत आपल्याला ठाऊक आहे. गिरणगावात कामगारांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कचाट्यात होत्या, त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लिज्जतचा पापड आपण आवडीनं खातो, पण त्यामागचा हिशेब वर्गात सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

तर या मुलीची आई. प्रशिक्षणाला ती लगेच तयार झाली नाही. सासू म्हणाली, "आता ह्या वयात पाटी?" आणि एक दिवस वर्गाला जायचं म्हणजे एक बाजार बुडणार, तो कोण भरून देणार? हा प्रश्न आपण सुशिक्षित लोक विसरतो. प्रशिक्षण फुकट असलं तरी गरिबाला ते फुकट पडत नाही. दिवसाची कमाई ही त्याची फी असते. शेवटी बाजार नसलेल्या दिवसांचा, दुपारचा वर्ग मिळाला म्हणून जमलं.

तिथं काय शिकली? पहिल्यांदा आकडे. मग कॅल्क्युलेटर. मग एक वही, तिचे दोन भाग, धंद्याचे पैसे वेगळे आणि घरचे वेगळे. ऐकायला सोपं आहे. पण धंद्याच्या डब्यातून पोराला बिस्किटाचा पुडा घेतला तर तोही लिहायचा, हे अंगवळणी पडायला तिला दोन महिने लागले. आणि त्या दोन महिन्यांत तिला एक गोष्ट कळली, जी तिच्या हुशार लेकीलाही कळली नव्हती. संध्याकाळी उरलेली भाजी ती पडेल त्या भावात देत होती नाहीतर शेळीपुढे टाकत होती, आणि नफा तिथंच जात होता.

तिनं स्वतःच धंदा बदलायचं ठरवलं. कटलरीचा माल, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, रबरबँड. कारण विचारलं तर म्हणाली, "भाजी सांजच्याला सुकती. टिकली सुकत न्हाई." व्यवसायाचं पुस्तक मी वाचलेलं नाही, पण नाशवंत माल आणि टिकाऊ माल यांतला फरक यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

बचत आधी, कर्ज मग. रोजचे वीस-तीस रुपये टाकत टाकत नऊशे जमले आणि सकाळी पैसे देणाऱ्या माणसाकडे जाणं थांबलं. त्यानंतर छोटं कर्ज. माल कुठून आणायचा, यावर त्या वर्गात बराच खल झाला म्हणे. उधारीवर माल देणारा व्यापारी पिनांचं डझन 60 रुपयांना द्यायचा. पुण्यात रोखीनं तेच 42 ला. फरक 18 रुपयांचा. पण पुण्याला जायचं-यायचं भाडं धरून 400 खर्च. मग किती डझन आणले तर फेरी परवडेल? हे उदाहरण मी जसंच्या तसं वर्गात घातलं. निम्म्या मुलांनी 400 ला 18 ने भागून 22 उत्तर लिहिलं आणि बाकी सोडून दिली. मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, बावीसला चार रुपये तोटा होतो. तेवीस आणायला लागतात." भागाकारातली बाकी का महत्त्वाची, हे समजावायला मला त्या दिवशी काही करावं लागलं नाही.

आणि हो, ती आता बाजाराच्या दिवशीही वर्गात असायची. सगळ्या दिवशी नाही. यात्रेच्या दिवसांत, दिवाळीच्या आधी अजूनही दांडी पडायची. पण सातवी पूर्ण झाली आणि आठवीला म्हसवडच्या शाळेत तिचं नाव लागलं. सासूबाईंचा विरोध होता. तो माझ्या बोलण्यानं मावळला नाही. सुनेच्या डब्यात पोरीच्या शाळेच्या खर्चाचे पैसे वेगळे ठेवलेले असायचे, त्यामुळे मावळला.

सगळ्या प्रशिक्षणांचं असं होत नाही, हेही लिहायला हवं. आमच्याच भागातल्या एका गावात एका संस्थेनं शिलाईचा वर्ग घेतला. तीस बायका शिकल्या, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली. गाव ते केवढं! वर्षाला किती ब्लाउज शिवले जातात याचा हिशेब वर्ग सुरू करण्याआधी कुणी केला नव्हता. गावात आधीच दोन शिंपी. आज त्या तिसांतल्या दोघी-तिघीच मशीन चालवतात, बाकीच्यांची प्रमाणपत्रं ट्रंकेत. कुणाला मशीन घ्यायला पैसे नव्हते, कुणाला गिऱ्हाईक मिळालं नाही. मला वाटतं, प्रशिक्षण देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की शिकून झाल्यावर माल घेणार कोण आणि पहिलं भांडवल येणार कुठून. याचं उत्तर नसेल तर बाईची दुपार वाया घालवू नये. पालकांनीही मुलाला कुठल्याही कोर्सला घालताना हे विचारायला हरकत नाही. 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेला फलक तर सध्या प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडवर दिसतो.

मार्च 2020 मध्ये आठवडी बाजार बंद झाले. टिकल्या सुकल्या नाहीत, पण विकल्याही गेल्या नाहीत. लग्नसराईसाठी भरलेला माल घरात, डोक्यावर हप्ते. त्या काळात तिनं घराच्या ओसरीवर सुई-दोरा, साबण, अंडी असं मिळेल ते विकलं. हप्ते मागे पडले, मग हळूहळू भरले. वहीतली त्या महिन्यांची पानं तिनं मला दाखवली. कित्येक दिवस नुसती तारीख आणि पुढे शून्य. पण तारीख एकही गाळलेली नाही. मी तिला विचारलं, "शून्य तरी कशाला लिहायचं?" तर म्हणाली, "लिवलं न्हाई तर कुनाला कळंल, त्या दिसाला काय झालतं?"

मुलगी दहावीला होती ते वर्ष 2021, परीक्षाच झाली नाही. मूल्यमापनावर निकाल लागला याचं तिला अजून वाईट वाटतं, कारण गणितात तिला पेपर द्यायचा होता. बारावी तिनं वाणिज्य शाखेतून केली. आता बी.कॉम. करते आणि सुट्टीला आली की आईच्या वहीतल्या चुका काढते. आई ऐकून घेत नाही. दोघींची भांडणं होतात, उधारी कुठल्या बाजूला लिहायची यावरून.

शिक्षक मित्रांना एक करून बघण्यासारखं सांगते. सरळव्याजाच्या पाठाआधी मुलांना घरी विचारून यायला सांगा की तुमच्याकडे पैसे कुठल्या दरानं मिळतात. नावं लिहायची नाहीत, फक्त दर आणि मुदत. ते फळ्यावर मांडून सगळ्यांचा द.सा.द.शे. दर काढा. एखाद्या घरी हे विचारलेलं आवडत नाही, तेव्हा सक्ती करू नका. आणि गावात बचत गट चालवणारी किंवा बाजारात बसणारी एखादी आई असेल तर तिला एका तासाला बोलवा. बोलायला लाजतात, पण वही घेऊन या म्हटलं की येतात.

यंदाच्या सातवीच्या हजेरीपटावर बाजाराच्या दिवशी दोन मुलगे गैरहजर दिसतायत. एकाच्या घरी जाऊन आले, त्याच्या वडिलांचा चहाचा गाडा आहे आणि पोरगा कप धुतो. दुसऱ्याच्या घरी या रविवारी जायचंय.