रीत : खुद्द

आमच्या शेताचे जुने सातबारे परवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढले. १९७० पासून १९८३ पर्यंतचे. बातमीसाठी नाही, घरच्याच कामासाठी. जुन्या सातबाऱ्यात खालच्या बाजूला, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, 'जमीन करणाराचे नाव' असा एक रकाना असायचा आणि जवळच दुसरा, 'रीत'. जमीन कोण कसतो आणि कशी कसतो, याची ती नोंद. आमच्या साडेसहा एकरांपुढे दरवर्षी वडिलांचं नाव आणि रीत 'खुद्द'.

आता गंमत अशी, की या सगळ्या वर्षांत आमचे आण्णा मुंबईत होते. लालबागला गिरणीत, साचेखात्यात. शेत आईनं केलं.

माणदेशातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक गडी मुंबईला, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. गावकीच्या एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे. गिरणगावावर पुस्तकं झाली, नाटकं झाली, सिनेमे झाले, व्हायलाच पाहिजेत. पण त्या मनीऑर्डरीवर इकडे अंगठा करणाऱ्या बाईनं मधल्या काळात काय केलं, ते फारसं कुणी विचारलं नाही.

आईचं लग्न १९६९ चं. तीन वर्षांत बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरीनं तळ गाठला, एक बैल विकला, दुसरा दावणीला मेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामाच्या मस्टरवर तिचं नाव होतं. सरकारी कागदावर नाव आलं असेल तर ते तिथंच पहिल्यांदा. खडी फोडायला नाव लागत होतं, जमीन कसायला लागत नव्हतं!

पुढच्या दहा वर्षांचा हिशेब आई अजून तोंडपाठ सांगते. कोणत्या साली जुंधळा किती पोती, हुलगा-मटकी किती, कोणत्या साली बांधावरून भावकीत डोकी फुटता फुटता राहिली. तिघा लेकरांची बाळंतपणं तिथंच, वस्तीवरच. आण्णा वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि सुगीला. सुगीला आले की चारचौघांत 'यंदा बरं पिकवलं' असं लोक त्यांनाच म्हणायचे. तेही मान हलवायचे. (हे आण्णा स्वतःच हसत सांगतात, म्हणून लिहितोय.)

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आण्णांनी वर्षभर वाट पाहिली, मग वळकटी घेऊन गावी आले. पस्तिशीचा माणूस, पण औत धरायची सवय गेलेली. पेरणीला चाड्यावर मूठ धरायची म्हणजे हाताला अंदाज लागतो, बी दाट पडलं तर वाया, विरळ पडलं तर रान मोकळं. ती मूठ आईची होती. 'मूठ तिची, मी नुसता बैलामागं,' असं ते म्हणतात. नवऱ्यानं बायकोकडून शेती शिकली, हे आमच्या गावात मोठ्यानं सांगणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

तलाठ्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. कुळकायद्यातली 'जातीनं कसणे'ची व्याख्या बघा. कुटुंबातल्या माणसाच्या कष्टानं कसली तरी ते जातीनंच कसणं. बायकोचे कष्ट नवऱ्याच्या 'खुद्द'मध्ये जमा! कायद्याला धरून सगळं बरोबर आहे, आणि अडचण तीच आहे.

ही जुनी गोष्ट आज का उकरली? तर फार्मर आयडीमुळे. आयडीच्या शिबिरात आई-आण्णा दोघं गेले. आण्णांचा झाला. आईला सांगितलं, 'आजी, तुमच्या नावावर काय नाही, तुम्ही बसा बाजूला.' बोलणाऱ्या पोराची चूक नाही, सिस्टीममध्ये नाव नाही तर तो तरी काय करणार. पण पीककर्ज, अनुदान, किसान सन्मानचे सहा हजार, सगळं आता त्या नंबराला बांधलेलं. २०१५-१६ च्या कृषीगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. आपल्या शिवारात सकाळी नऊला उभं राहून मोजा, किती टक्के दिसतात ते.

नवरा वारला की बायको वारस म्हणून लागते, मुलामुलींच्या बरोबरीनं. म्हणजे शेतकरी व्हायला आधी विधवा व्हावं लागतं. त्याला पर्याय आहे आणि तो नवा नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं, शरद जोशींनी, लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायची. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं : नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावं. मी पंचवीस वर्षं तालुक्यात पत्रकारिता करतोय, या परिपत्रकाची पाटी एकाही चावडीवर पाहिली नाही.

आण्णांनी अर्ज केला. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, 'अशी काही योजना चालू नाही.' परिपत्रकाची प्रत घेऊन गेलो तर 'साहेब मीटिंगला.' तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. आता फेरफार धरलाय, पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागलीय.

घरात सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. थोरल्या भावाचं म्हणणं, 'उद्या वारसाला तिचं नाव येणारच की, आत्ता लोकांत चर्चा कशाला?' भाऊ वाईट नाही, त्याला भीती बहिणीची. आईच्या नावावर आलं की आई आपला वाटा लेकीला देईल. देईलही. ते तिनं ठरवायचं. अजून त्यानं हरकत घेतलेली नाही, नोटिशीचे नऊ दिवस बाकी आहेत.

आईला विचारलं तर म्हणाली, 'माझं नाव लावून काय जुंधळा जास्त पिकणाराय?' मग थोड्या वेळानं आण्णांना, 'अवो, त्या कागदावर माझं नाव कसं लिवलंय, माहेरचं का सासरचं?'

अर्जाचा नमुना आणि परिपत्रकाची प्रत माझ्याकडे आहे. ज्यांना हवी त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. अर्ज मात्र नवऱ्यालाच करावा लागतो.