खिशातल्या डबीतला रेडिओ

आमच्या वडिलांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसनचे पुस्तक अजून आहे. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत, हे आमच्या चिरंजीवांना थाप वाटते. १९८०च्या दशकात ते लायसन बंद झाले. पुढे रेडिओही भंगारात गेला, पुस्तक तेवढे राहिले.

हे आठवायचे कारण, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या याच चिरंजीवांनी हट्ट धरला, "पप्पा, मला सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ पाहिजे." डबी आणि एरियल मिळून चार हजारांच्या घरात खर्च. आम्ही कारकून माणूस, हिशेब आधी मांडतो. आमची सौ. म्हणाली, "अहो, मोबाईलवर गाणी फुकट लागतात, मग हे कशाला?" प्रश्न रास्त होता. पण विहारातल्या अभ्यासिकेत वस्तीतल्या मुलांना आम्ही विज्ञान शिका म्हणून सांगतो आणि घरच्या पोराला नाही म्हणावे, हे मनाला पटेना. बोनसमधून पैसे दिले.

डबी काडेपेटीपेक्षा फार मोठी नाही, पेनड्राइव्हसारखी लॅपटॉपला लागते. जुन्या रेडिओत स्टेशन निवडण्याचे काम कॉइल आणि कंडेन्सर करीत. येथे डबी हवेतल्या लहरींचे आकडे करून सेकंदाला चोवीस लाखांच्या हिशेबाने लॅपटॉपला देते, आणि स्टेशन वेगळे काढण्याचे काम लॅपटॉप गणिताने करतो. यातली मुख्य चिप मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनली. तिच्यातून कच्चे आकडे बाहेर काढता येतात हे २०१२ साली हौशी मंडळींच्या लक्षात आले, म्हणून ही वस्तू आपल्या आवाक्यात आली. साधारण २४ पासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत ती ऐकते.

पहिल्याच रात्री आम्ही माती खाल्ली. डबीसाठी झाडिग नावाच्या प्रोग्रॅममधून वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. यादीत नीट नाव न वाचता आम्ही बटण दाबले आणि डबीऐवजी माऊसचा ड्रायव्हर बदलला! माऊस जागच्या जागी मेला. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा आम्ही वाचला. तो दुरुस्त करता करता साडेबारा वाजले. त्यानंतर नुसती खरखर. गेन शून्यावर होता, तो वाढवताच १०२.८ वर विविध भारती स्वच्छ लागली. पडद्यावर एकेक स्टेशन उजळ पट्ट्यासारखे खाली सरकत होते. सौ. पीठ लागलेल्या हातांनीच बघायला आली. गेन फार वाढवला तर उलट सगळी स्टेशने एकमेकांत मिसळतात, हेही त्याच रात्री कळले. आणि घरातला एलईडी दिवा व मोबाईलचा चार्जर किती गोंगाट करतात, ते बंद केल्यावरच समजले.

शेजारचे भाऊ दारातून डोकावले. "जय भीम साहेब, पोलिसांचे वायरलेस ऐकता की काय?" त्यांना सांगितले, दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे कायद्याने गुन्हा आहे, सर्वांसाठी सोडलेले तेवढेच आपण ऐकायचे. ही डबी बोलत नाही, फक्त ऐकते. बोलायचे तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढावा लागतो. चिरंजीवांच्या मनात तेही आहे.

खरी ओढ मात्र हवामानाच्या उपग्रहांची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही कचेरीतून कमरेएवढ्या पाण्यातून निघालो होतो. वर केवढा ढग आहे याची खाली कुणालाच कल्पना नव्हती. तो ढग आपल्या गच्चीवरून बघता येईल, या विचाराने आम्हीच चिरंजीवांपेक्षा उतावीळ झालो.

एरियलचा हिशेब बी.कॉम.वाल्यालाही जमण्यासारखा आहे. ३०० भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये. १३७.९ साठी सव्वादोन मीटरला थोडी कमी, तिचा चौथा हिस्सा ५४ सेंटिमीटर. प्रत्यक्षात किंचित आखूड, ५३ च्या दोन ॲल्युमिनियमच्या काड्या, मधे १२० अंशांचा कोन. एवढे करून दोन रविवार गच्चीवर उन्हात उभे राहिलो, काही नाही. आमच्याकडचा कागद जुना होता. त्यातले अमेरिकेचे तिन्ही नोआ उपग्रह २०२५ च्या ऑगस्टपर्यंत बंद झालेले! मेलेल्या उपग्रहांची वाट बघत होतो. मग रशियाच्या मिटिओरकडे वळलो. तो आठशे किलोमीटरवरून जातो आणि आपल्या आकाशात दहा-पंधरा मिनिटेच असतो. पश्चिमेला येऊरचा डोंगर आणि इमारती आड येतात.

तिसऱ्या रविवारी सकाळी सॅटडंपच्या पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. मधल्या बऱ्याच ओळी काळ्या, तुटक. पण कच्छचे आखात ओळखू आले, सौराष्ट्राचा फुगवटा आला, खाली आपला किनारा आणि समुद्रावर कापूस पिंजल्यासारखे ढग. चिरंजीव काहीच बोलेनात. सौ.ने विचारले, "यात आपले खोपट कुठे?" एक टिंब म्हणजे साधारण एक किलोमीटर. एसटी स्टँड, सिद्धेश्वर तलाव, आमची बिल्डिंग सगळे मिळून एखादे टिंब. तिने ते बोटाने दाखवायला लावले.

येत्या रविवारी अभ्यासिकेतली सहा मुले येणार आहेत. काड्या कापून ठेवल्या आहेत. गच्चीची किल्ली तेवढी सेक्रेटरींकडे आहे, आणि ते अजून "बघू" म्हणताहेत.